ताटातला अर्धा किलो

चार माणसांच्या घराला रोज किती भाजी आणि फळं लागतात? हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 मध्ये भारतीयांसाठी आहाराची सुधारित मार्गदर्शिका काढली. दिवसाला 2000 किलोकॅलरी लागणाऱ्या प्रौढ माणसाला तिच्या हिशेबाने 400 ग्रॅम भाज्या आणि 100 ग्रॅम फळं हवीत. म्हणजे चौघांना रोज दोन किलो, आठवड्याला चौदा किलो. मंडईतून आपण आठवड्याला किती आणतो ते आठवून पाहा. त्यातले कांदे-बटाटे बाजूला काढा आणि पुन्हा हिशेब करा.

याच मार्गदर्शिकेत धान्याचा आकडा आहे 250 ग्रॅम. तांदूळ, गहू, ज्वारी, बाजरी सगळं मिळून अडीचशे, आणि भाज्या-फळं पाचशे. आपल्या बहुतेक घरांत ताटाचा तोल याच्या उलट बाजूला झुकलेला असतो. पोट भरायचं ते पोळी-भाकरी आणि भाताने, भाजी तोंडी लावायला. तीन पोळ्यांना वाटीभर बटाट्याची भाजी, कडेला लिंबाची फोड, चमचाभर कोशिंबीर. ‘आमच्याकडे रोज भाजी असते’ असं सांगणारे लोक खरंच बोलत असतात. पण किती असते, हे क्वचितच कुणी मोजतं, आणि सगळा प्रश्न त्या ‘किती’चाच आहे.

मार्गदर्शिकेतलं हे वजन कच्च्या, निवडलेल्या भाजीचं आहे. मेथीची जुडी निवडायला घेतली की मुळं, जून देठ, पिवळी पानं आणि माती मिळून बराचसा भार केरात जातो. उरलेला पाला परातभर दिसतो. फोडणीतला लसूण तांबूस झाल्यावर हा पाला कढईत घालायला जावं तर तो कढईत मावत नाही, हाताने दाबावा लागतो. दोन-तीन मिनिटांत तोच पाला तळाशी जाऊन बसतो. पानाच्या पेशी पाण्याने ठासून भरलेल्या असतात आणि त्या दाबावर पान ताठ राहतं. उष्णतेने पेशींची पटलं निकामी होतात, पाणी सुटतं, पानातल्या बारीक पोकळ्यांमधली हवा निघून जाते. परातभर पाल्याची वाटी-दीड वाटी भाजी होते, आणि चौघांत वाटली की प्रत्येकाच्या वाट्याला दोन-तीन चमचे येते. मार्गदर्शिकेला रोजच्या 400 ग्रॅम भाज्यांपैकी 100 ग्रॅम पालेभाजी अपेक्षित आहे. निवडलेली 100 ग्रॅम मेथी ओंजळीत मावत नाही. तेवढी एका माणसाची, एका दिवसाची.

ही मार्गदर्शिका काढणाऱ्या संस्थेचा इतिहासही जेवणाच्या तुलनेशी जोडलेला आहे. निलगिरीतल्या कुन्नूरला 1918 साली रॉबर्ट मॅककॅरिसन या डॉक्टरांनी बेरीबेरीच्या चौकशीसाठी एका खोलीत काम सुरू केलं. तेच काम वाढत जाऊन 1958 मध्ये हैदराबादला आलं. 1920च्या दशकात मॅककॅरिसन यांनी उंदरांचे गट पाडून प्रत्येक गटाला भारतातल्या एकेका समाजाचं नेहमीचं जेवण घातलं. एकाला शिखांचं, एकाला पठाणांचं, पुढे मराठा, गुरखा, कानडी, बंगाली, मद्रासी. शिखांच्या जेवणावरचे उंदीर सर्वांत दणकट निघाले, मद्रासी जेवणावरचे सर्वांत खुरटे. मराठा जेवणावरचे उंदीर शीख आणि पठाणांच्या मागोमाग होते. शिखांच्या ताटात कोंड्यासकट गव्हाची चपाती, दूध-लोणी, डाळ, ताज्या भाज्या आणि फळं होती. मद्रासी ताटात पॉलिश केलेला तांदूळ भरपूर, बाकी सगळं बेताचं. या प्रयोगातून दुधाचं श्रेय किती आणि भाजीचं किती, हे वेगळं काढता येत नाही. पण एकाच धान्याने पोट भरलं की शरीर उपाशी राहतं, हे त्यातून लख्ख दिसलं.

भाज्या-फळांचं श्रेय वेगळं काढून दाखवणारा अमेरिकेतला एक सुरेख प्रयोग 1997 मध्ये प्रसिद्ध झाला. ‘डॅश’ या नावाने तो ओळखला जातो. 459 प्रौढांना आठ आठवडे ठरवून दिलेलं जेवण दिलं. मीठ सगळ्यांना सारखं, वजन कुणाचंही घटू द्यायचं नाही. एका गटाच्या जेवणात फक्त फळं आणि भाज्या भरपूर वाढवल्या. त्या गटाचा वरचा रक्तदाब नेहमीच्या अमेरिकी जेवणावरच्या गटापेक्षा सरासरी 2.8 अंकांनी जास्त उतरला. तिसऱ्या गटाला त्याच्या जोडीला कमी स्निग्धांशाचं दूध-दही दिलं आणि एकूण चरबी घटवली, तेव्हा हा फरक 5.5 झाला. त्या गटात आधीच उच्च रक्तदाब असलेल्यांमध्ये तो 11.4 अंकांवर गेला. यामागचं एक मोठं कारण पोटॅशियम. ते भाज्या-फळांतून भरपूर मिळालं की मूत्रपिंडं जास्त सोडियम बाहेर टाकतात आणि रक्तवाहिन्यांवरचा ताण हलका होतो. पापड-लोणच्यातून रोज जादा मीठ खाणाऱ्या आपल्यासारख्यांना याचं मोल अधिक आहे.

दुसरं काम तंतूंचं. भाजीतले तंतू आपल्याला पचत नाहीत, ते तसेच मोठ्या आतड्यात उतरतात. तिथले जिवाणू त्यांना आंबवतात आणि ब्युटिरेटसारखी छोटी आम्लं तयार करतात. आतड्याच्या अस्तरातल्या पेशी आपली बरीचशी ऊर्जा या ब्युटिरेटमधूनच मिळवतात. फळाचा रस काढून चोथा टाकला की हेच तंतू जातात आणि साखर राहते. अमेरिकेतल्या तीन मोठ्या दीर्घकालीन पाहण्यांच्या आधारे 2013 मध्ये आलेल्या अभ्यासात अख्खी फळं खाणाऱ्यांमध्ये, विशेषतः द्राक्षं आणि सफरचंदं, मधुमेहाचं प्रमाण कमी दिसलं. रस पिणाऱ्यांमध्ये ते जास्त होतं.

मग सगळा अर्क काढून त्याची गोळी का करू नये? विज्ञानाने हेही करून पाहिलं. गाजर आणि पालेभाज्यांत बीटा-कॅरोटिन असतं, आणि ते रक्तात जास्त असलेल्यांना फुप्फुसांचा कर्करोग कमी होतो, असं जुन्या पाहण्यांत आढळलं होतं. म्हणून फिनलंडमध्ये 29 हजारांहून अधिक धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर चाचणी झाली. त्यांपैकी निम्म्यांना वर्षानुवर्षं बीटा-कॅरोटिनच्या गोळ्या दिल्या. 1994 मध्ये निष्कर्ष आला, तेव्हा गोळी घेणाऱ्यांत फुप्फुसांचा कर्करोग 18 टक्क्यांनी जास्त होता. अमेरिकेतली अशीच दुसरी चाचणी 1996 मध्ये मुदतीआधी थांबवावी लागली, तिथे वाढ 28 टक्के होती. आहारशास्त्रातला हा मला सर्वांत महत्त्वाचा धडा वाटतो. भाजीत शेकडो घटक एकमेकांच्या सोबतीने, थोड्या थोड्या प्रमाणात असतात. त्यातला एक उचलून मोठ्या मात्रेत दिला की भाजीचा गुण सोबत येतोच असं नाही.

किती खाल्लं म्हणजे पुरे, याची उत्तरंही आता बरीच जवळ आली आहेत. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला किमान 400 ग्रॅम सांगते आणि त्यात बटाटा-रताळं धरत नाही. भारतासह 18 देशांतल्या सव्वा लाखाहून अधिक लोकांच्या ‘प्युअर’ या अभ्यासात 2017 मध्ये दिसलं, की फळं, भाज्या आणि कडधान्यं मिळून दिवसाला 375 ते 500 ग्रॅमपर्यंत फायदा वाढत जातो आणि पुढे फारसा वाढत नाही. म्हणजे आकडा डोंगराएवढा नाही. सकाळी एक पेरू किंवा केळं, दोन्ही जेवणांत दोन-दोन वाट्या भाजी आणि काकडी-टोमॅटो-गाजराची वाटीभर कोशिंबीर, एवढ्यात बेरीज जमते.

आपल्या स्वयंपाकाच्या काही सवयी या बाबतीत फार शहाण्या आहेत. आयोवा स्टेट विद्यापीठाच्या 2004 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात काही जणांना कच्च्या भाज्यांचं सॅलड तेलाशिवाय आणि तेलासह देऊन त्यांचं रक्त तपासलं. तेलाशिवाय कॅरोटिन रक्तात जवळपास उतरलंच नाही. कोशिंबिरीतलं दाण्याचं कूट आणि वरची फोडणी नेमकी ही उणीव भरून काढते. पालेभाजीतलं लोह शरीरात नीट शिरत नाही, पण क जीवनसत्त्व जोडीला असलं की ते बरंच जास्त शोषलं जातं. हे जीवनसत्त्व उष्णतेने नासतं, म्हणून लिंबू ताटात पिळायचं, कढईत नाही. पेरूत ते संत्र्याच्या सुमारे चौपट असतं, तेव्हा जेवणानंतर पेरूच्या चार फोडी उत्तम. जेवणाला लागून घेतलेला चहा मात्र लोहाची वाट अडवतो. 2019-21च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या 15 ते 49 वयाच्या 57 टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. त्यांच्यापैकी कितीजणींच्या वाट्याला घरातली सगळी जेवल्यावर कढईत उरलेलीच भाजी येत असेल, हा विचार मला सोडत नाही.

सवयीइतकाच अडसर पैशाचा आहे. ‘प्युअर’च्याच 2016च्या हिशेबानुसार भारताचा समावेश असलेल्या गरीब देशांच्या गटात माणशी रोज फळांचे दोन आणि भाज्यांचे तीन वाढप घ्यायचे, तर कुटुंबाच्या उत्पन्नातला 52 टक्के हिस्सा लागत होता. श्रीमंत देशांत हा हिस्सा 2 टक्के होता. ‘भाजी खा’ हा उपदेश रोजंदारीवरच्या माणसाला करताना हे दोन आकडे समोर हवेत. शेवग्याचा पाला दारात फुकट मिळतो, पावसाळ्यात सह्याद्रीच्या कुशीतून टाकळा, कुरडू, भारंगी, फोडशी बाजारात येते. हे सगळं खावं आणि आवर्जून विकत घ्यावं. पण उन्हाळ्यात पालेभाजीचे भाव चढतात तेव्हा रानाकडेही देण्यासारखं थोडंच उरतं. तिथे सार्वजनिक ताटाने पुढे यायला हवं. आपलं सर्वांत मोठं सार्वजनिक ताट शाळेतलं आहे. शालेय पोषण आहाराच्या निकषानुसार पहिली ते पाचवीच्या मुलाला 100 ग्रॅम धान्य, 20 ग्रॅम डाळ आणि 50 ग्रॅम भाजी मिळते. सहावी ते आठवीला धान्य 150 आणि भाजी 75. इथेही भाजी धान्याच्या निम्मीच. हे प्रमाण उलटं करायला पैसे लागतील, भाजी रोज ताजी पोचवावी लागेल, शाळांच्या परसबागांना पाणी लागेल. मला विचाराल तर आहारावरच्या सरकारी खर्चात याहून चांगला खर्च दुसरा दिसत नाही.