अपडेटनंतर लागलेली धाप

मळवलीला लोकलमधून उतरलं, की एक्स्प्रेसवेवरचा पूल ओलांडून भाज्याची वाट लागते. इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकातली बावीस लेणी, पावसाळ्यातला धबधबा आणि पुढे लोहगडाचा चढ. जुलै २०२५मध्ये लोहगड युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. गावात आणि आसपास बंगले, होमस्टे, फार्महाउस उभे आहेत. पाहुण्यांची चौकशी फोनवर आणि व्हॉट्सॲपवर येते हे खरं, पण बुकिंग साइटची खात्रीपत्रं, कंपन्यांच्या सहलींचे अर्ज, जीएसटीची बिलं आणि बँकेची पत्रं आजही मेलवरच येतात. त्यासाठी एखाद्या खोलीत एक कॉम्प्युटर असतो, आणि तो सहसा घरातला सगळ्यात जुना असतो. मुलाचं कॉलेज संपलं, की त्याचा लॅपटॉप काउंटरवर येतो.

अशा मशीनवर मेलच्या प्रोग्रॅमचं नवं व्हर्जन आलं, मालकाने ‘अपडेट’वर क्लिक केलं आणि दुसऱ्या दिवसापासून सगळंच जड झालं, ही तक्रार फक्त मावळातली नाही. माउस अडखळतो, टाइप केलेलं अक्षर उशिरा उमटतं, बिल काढायला घेतलं तर एक्सेल पांढरं पडतं आणि पंखा घरघरत राहतो. मेलचा प्रोग्रॅम बंद केला, की सगळं ठीक. मग निदानं सुरू होतात. कुणी म्हणतं व्हायरस शिरला, कुणी म्हणतं रॅम वाढवा, आणि दुरुस्तीवाला म्हणतो फॉरमॅट मारू. शेवटच्या सल्ल्याला ठाम नकार द्यावा, निदान पहिले दोन दिवस तरी.

कारण अपडेटनंतरचा संथपणा दोन जातींचा असतो. एकात प्रोग्रॅम एकदाच करायचं मोठं काम उरकत असतो. ते संपलं, की मशीन आपोआप मोकळं होतं. दुसऱ्यात खरंच काहीतरी बिनसलेलं असतं आणि ते महिनाभर थांबूनही सुटत नाही. या दोन्हींतला फरक न ओळखता हात घातला, तर पहिल्या जातीचा त्रास लांबतो आणि दुसऱ्या जातीचा तसाच राहतो.

पहिल्या जातीचं सगळ्यात ठळक उदाहरण सोळा-सतरा वर्षांपूर्वीचं आहे. मोझिलाच्या थंडरबर्ड या मोफत मेल प्रोग्रॅमची तिसरी आवृत्ती डिसेंबर २००९मध्ये आली. तिच्यात दोन गोष्टी कुणी न मागता चालू होत्या. एक म्हणजे नवा शोध: हजारो मेलमधून एखादं नाव क्षणात सापडावं म्हणून प्रोग्रॅम प्रत्येक मेल वाचून त्यातल्या शब्दांची सूची एका डेटाबेसमध्ये नोंदवू लागला. दुसरी म्हणजे आयमॅप खात्यातले सगळे मेल कॉम्प्युटरवर उतरवून ठेवणं. आयमॅप म्हणजे मेल सर्व्हरवरच ठेवून सगळ्या उपकरणांवर सारखे दाखवण्याची पद्धत. तोवर मेल उघडला, की तेवढाच उतरत असे. नव्या आवृत्तीने दहा वर्षांचा साठा पहिल्याच दिवशी ओढायला घेतला आणि तो उतरतोय तोवर त्याची सूचीही करायला बसली. बऱ्याच लोकांची मशीनं गुदमरली. सल्ला साधा होता: रात्रभर चालू ठेवा, बंद करू नका. सल्ला बरोबरच होता. राग आला तो वेगळ्या गोष्टीचा. हे होणार आहे, हे आधी ठसठशीतपणे सांगायला कुणाचं काय जात होतं?

आजही पद्धत तीच आहे, साठे मात्र वाढलेत. जीमेलच्या मोफत खात्यात, ड्राइव्ह आणि फोटो धरून, १५ जीबी जागा मिळते. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर दिवसाला दोन जीबी डेटा मिळत असेल, तर भरलेलं खातं उतरवायला आठवडा लागेल, आणि त्या आठवड्यात दुसरं काही चालणार नाही. नेट वेगवान असलं तरी गूगलची स्वतःची मर्यादा आहे; वर्कस्पेसच्या नियमांत आयमॅपने दिवसाला २५०० एमबी एवढंच उतरवता येतं. जीमेलची आणखी एक गंमत आहे. त्याच्यात ‘ऑल मेल’ नावाचा फोल्डर असतो आणि इनबॉक्समधला किंवा लेबल लावलेला प्रत्येक मेल तिथेही दिसतो. जीमेलसाठी तो एकच मेल. बाहेरच्या प्रोग्रॅमला मात्र ते दोन किंवा तीन वेगळे मेल वाटतात आणि तो इमानाने सगळे उतरवतो. जीमेलच्या सेटिंग्जमध्ये लेबल्सच्या पानावर ‘ऑल मेल’समोरची ‘शो इन आयमॅप’ची खूण काढली, की ओझं बरंच उतरतं.

मशीन नेमकं कशात गुंतलंय हे पाहायला दुरुस्तीवाला लागत नाही. विंडोजवर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबलं, की टास्क मॅनेजर उघडतो. त्यात सीपीयू, मेमरी, डिस्क आणि नेटवर्क असे रकाने दिसतात. सीपीयू दहा-पंधरा टक्के आणि डिस्क मात्र शंभराला टेकलेली, असं दिसलं तर प्रोसेसरचा किंवा व्हायरसचा संशय बाजूला ठेवावा; अडचण लिहिण्या-वाचण्याची आहे. जुन्या लॅपटॉपमधली फिरती हार्ड डिस्क मिनिटाला ५४०० फेरे घेते, आणि विखुरलेल्या जागी सेकंदाला शंभर वेळासुद्धा जाऊ शकत नाही. सूची करणं म्हणजे नेमकं असं विखुरलेलं काम. एसएसडीला तेच काम जाणवतही नाही. एकच अपडेट पुण्याच्या ऑफिसात कुणाच्या लक्षातही येत नाही आणि भाज्याच्या काउंटरवर दिवस खातो, त्याचं कारण बहुतेक वेळा एवढंच असतं.

थंडरबर्डमध्ये ‘टूल्स’ मेनूखाली ॲक्टिव्हिटी मॅनेजर आहे. त्यात कोणत्या फोल्डरची सूची चालू आहे, कितवा मेल उतरतोय, हे ओळीओळीने दिसतं. सकाळी आणि संध्याकाळी एकदा पाहावं. आकडा पुढे सरकत असेल तर चार्जर लावून, स्क्रीन बंद करून मशीन तसंच सोडावं. फक्त ते झोपणार नाही याची सेटिंग तपासावी, नाहीतर लॅपटॉपचं झाकण मिटलं, की काम थांबतं आणि सकाळी पुन्हा तीच रड. थांबायला वेळच नसेल, तर ‘सेटिंग्ज’मध्ये ‘ग्लोबल सर्च अँड इंडेक्सर’ची खूण काढता येते. सगळ्या फोल्डरांत एकदम शोधण्याची सोय जाते, पण मशीन लगेच हलकं होतं. खात्याच्या सेटिंग्जमध्ये ‘सिंक्रोनायझेशन अँड स्टोरेज’ आहे. तिथे सगळेच मेल ठेवायचे की अलीकडच्या काही दिवसांचेच, हेही ठरवता येतं. होमस्टेवाल्याला २०१४च्या बुकिंगचे मेल काउंटरवर कशाला हवेत?

आता सगळ्यात जास्त केला जाणारा उपाय: प्रोग्रॅम काढून टाकायचा आणि पुन्हा टाकायचा. त्याने सहसा काहीच होत नाही. मेल, खाती, सूची हे सगळं ‘प्रोफाइल’ नावाच्या वेगळ्या फोल्डरमध्ये असतं आणि प्रोग्रॅम काढला तरी ते जागेवर राहतं. कुणी हुशारीने तो फोल्डरही उडवला, तर सूची आणि डाउनलोड शून्यापासून सुरू होतात. शिवाय खातं पॉप पद्धतीचं, म्हणजे मेल कॉम्प्युटरवर उतरवून घेणारं, असेल आणि मेल सर्व्हरवर ठेवलेले नसतील, तर सगळी वर्षं गेली म्हणायची.

दुसऱ्या जातीकडे वळायचं तर आधी फाइल पाहायला हवी. थंडरबर्ड सहसा एका फोल्डरचे सगळे मेल एकाच लांबलचक मजकुराच्या फाइलमध्ये ठेवतो. इनबॉक्स म्हणजे एक फाइल. नोटपॅडमध्ये एखादी लहानशी फाइल उघडली, तर मेलमागून मेल नुसते चिकटवलेले दिसतात. प्रत्येकाच्या डोक्यावर ‘एक्स-मोझिला-स्टेटस’ अशी एक ओळ असते. वाचलेल्या मेलला तिथे ०००१ असतं. तो डिलीट केला, की ०००९ होतं. बस, एक आकडा बदलतो. मजकूर, फोटो, सगळं जागेवरच. हे खतावणीतल्या नोंदीवर काट मारण्यासारखं आहे. पानं कमी होत नाहीत. ‘कॉम्पॅक्ट’ केलं तरच ती पानं फाटतात. प्रोग्रॅम मधूनमधून स्वतःहून विचारतो, आणि गडबडीत लोक ‘नंतर’ दाबतात. वर्षानुवर्षं.

त्यात फोटोंची भर. पाहुणे आधारकार्डाचे फोटो पाठवतात. मेलमधून जाताना कुठलीही जोडलेली फाइल साध्या अक्षरांत रूपांतरित होते, आणि त्यात दर तीन बाइटांमागे चार अक्षरं लागतात. म्हणजे ३ एमबीचा फोटो मेलपेटीत ४ एमबीहून थोडा जास्तच बसतो. चार जणांच्या कुटुंबाचे आठ फोटो म्हणजे बत्तीस एमबी. ते डिलीट केले तरी फाइल तेवढीच. (दुसऱ्याची आधारकार्डं वर्षानुवर्षं अशी पडून राहावीत का, हा प्रश्न संथपणाहून मोठा आहे.)

कॉम्पॅक्ट करताना प्रोग्रॅम आधी नवी फाइल लिहितो आणि मगच जुनी काढतो. त्यामुळे डिस्कवर तेवढी जागा मोकळी लागते. लाइट जाणार नाही अशी वेळही निवडावी लागते, आणि जुलैतल्या मावळात ती निवडणं महावितरणच्या हातात आहे. यूपीएस नसलेल्या डेस्कटॉपवर हे काम पावसाळ्यात करू नये. फोल्डरची यादीच बिघडली असेल, मेल दोनदा दिसत असतील किंवा उघडताना भलताच निघत असेल, तर फोल्डरवर राइट क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’मध्ये ‘रिपेअर फोल्डर’ आहे. त्याने यादी नव्याने बनते.

मग अँटिव्हायरस. या धंद्यात पुण्याचं नाव मोठं आहे. रहिमतपूरच्या कैलास काटकर यांनी पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीपासून सुरुवात केली, धाकटे भाऊ संजय यांनी व्हायरस काढायचे प्रोग्रॅम लिहिले आणि त्यातून क्विक हील उभी राहिली. २०१६मध्ये कंपनी शेअर बाजारात आली. अँटिव्हायरस कुठल्याही कंपनीचा असो, त्याचं एक काम ठरलेलं असतं: बदललेली फाइल तपासायची. इनबॉक्स ही चार जीबीची एकच फाइल असेल, तर एक छोटासा मेल आला तरी फाइल बदलली. अँटिव्हायरस पुन्हा तिच्यात शिरतो, तेवढ्यात मेलचा प्रोग्रॅमही तीच फाइल मागतो आणि दोघे एकमेकांसाठी थांबतात. अपडेटनंतर हे जास्त जाणवतं, कारण प्रोग्रॅमची फाइल नवी असल्याने अँटिव्हायरसने आधी दिलेली सूट तिला लागू राहीलच असं नसतं. कधी एखाद्या संशयित मेलसाठी सगळा इनबॉक्सच क्वारंटाइनमध्ये जातो आणि मालकाला मेलपेटी रिकामी दिसते.

यावर प्रोफाइल फोल्डर सततच्या तपासणीतून वगळणं हा रुळलेला उपाय आहे. त्याने दार उघडं पडत नाही; जोडलेली फाइल उघडली किंवा सेव्ह केली, की तपासणी होतेच. थंडरबर्डच्या ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’त आणखी एक पर्याय आहे: येणारा प्रत्येक मेल आधी वेगळ्या तात्पुरत्या फाइलमध्ये उतरवून अँटिव्हायरसला दाखवायचा. पॉप खातं असेल तर हा जरूर चालू करावा.

ॲड-ऑनचा, म्हणजे प्रोग्रॅमला वरून जोडलेल्या छोट्या सोयींचा, संशय असेल, तर निदान सगळ्यात सोपं. शिफ्ट दाबून ठेवून थंडरबर्ड उघडला, की ट्रबलशूट मोड येतो आणि सगळी ॲड-ऑन बाजूला राहतात. वेग परत आला तर एकेक चालू करत चोर पकडावा. जुलै २०२३मधल्या ११५व्या आवृत्तीत, जिला ‘सुपरनोव्हा’ म्हणतात, पडद्यावरची मांडणीच नव्याने बांधली होती. जुन्या ग्राफिक चिपवर पडदा अडखळत असेल, तर ‘हार्डवेअर ॲक्सिलरेशन’ची खूण काढून पाहण्यात काही बिघडत नाही.

आउटलुकवाल्यांचं दुखणं वेगळ्या नावाचं, पण त्याच घराण्यातलं. तिथे पॉप खात्याचं सगळं पीएसटी फाइलमध्ये असतं. जुन्या प्रकारच्या पीएसटीला २ जीबीची मर्यादा होती. आउटलुक २००३ने नवा प्रकार आणून ती वीसवर नेली, २०१०ने पन्नासवर. पन्नास जीबी मावतात म्हणून भरायचे असं नाही. शोधाची सूची इथे विंडोज करतं, आणि ‘इंडेक्सिंग स्टेटस’मध्ये किती मेल बाकी आहेत ते कळतं. कंट्रोल दाबून आउटलुक उघडला, की तो सेफ मोडबद्दल विचारतो. ॲपलच्या मशीनवर मोठ्या अपडेटनंतर स्पॉटलाइट सगळी सूची नव्याने करू शकतो; तिथे एक रात्र थांबणं हाच इलाज.

जुन्या आवृत्तीकडे परतावं, असं पुष्कळांना वाटतं. थंडरबर्ड ते सहजासहजी करू देत नाही: नव्या आवृत्तीने उघडलेलं प्रोफाइल जुन्या आवृत्तीला दिलं, की ती नकार देते आणि नवं प्रोफाइल काढायला सांगते. म्हणून अपडेट करण्याआधी प्रोग्रॅम पूर्ण बंद करून सगळा प्रोफाइल फोल्डर बाहेर कॉपी करून ठेवावा. ‘हेल्प’मधल्या ‘ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन’च्या पानावर ‘ओपन फोल्डर’ आहे, तिथून तो सापडतो. कॉपी अर्ध्यात अडकून ‘फाइल फार मोठी आहे’ असा संदेश आला, तर पेन ड्राइव्हला दोष देऊ नये. बरेचसे पेन ड्राइव्ह फॅट-३२ पद्धतीने फॉरमॅट केलेले असतात आणि त्या पद्धतीत ४ जीबीहून मोठी एक फाइल बसतच नाही, ड्राइव्ह ६४ जीबीचा असला तरी. त्यावरचं आधीचं सामान काढून घ्यावं, तो एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करावा आणि मग कॉपी करावी.