केबलचा पूल म्हणजे झुलता पूल नव्हे

गुजरातमधल्या मोरबीत पुलाची दुर्घटना झाली तेव्हापासून केबलवरच्या कुठल्याही पुलाचा विषय निघाला की एक वाक्य हमखास कानावर पडतं: "तारांवर टांगलेला पूल तो, एक तार तुटली की गेला नदीत!" कळमेश्वरहून नागपूरला जाऊन रेल्वे स्टेशनजवळच्या रामझुल्यावरून गाडी नेणारी माणसंही हेच म्हणतात. रामझुला हा केबल-स्टेड पूल आहे आणि तो झुलत नाही, हे रोज अनुभवूनही! म्हणून एकदा हे नीट समजून घेऊ.

३० ऑक्टोबर २०२२ रोजी मोरबीत १३५ माणसं गेली. तो पादचाऱ्यांचा, एकोणिसाव्या शतकातला झुलता पूल होता. अशा पुलात दोन्ही काठांवरून कपडे वाळत घालायच्या दोरीसारखी मुख्य केबल सोडलेली असते आणि चालायची वाट तिला खाली लोंबणाऱ्या सळ्यांनी अडकवलेली असते. सगळा भार त्या मुख्य केबलवर. ती गेली की सगळं गेलं. मोरबीत नेमकं हेच झालं. गुजरात सरकारने नेमलेल्या विशेष तपास पथकाच्या प्राथमिक अहवालानुसार, तुटलेल्या मुख्य केबलमधल्या ४९ तारांपैकी २२ आधीच गंजलेल्या होत्या. वरून दुरुस्तीच्या नावाखाली लाकडी फळ्या काढून ॲल्युमिनियमचे पत्रे बसवले, त्याने वजन वाढलं. दोष गंजाचा, निष्काळजीपणाचा आणि गर्दीचा. त्याचं खापर केबल-स्टेड पुलांवर कशाला?

केबल-स्टेड पुलाची रचनाच वेगळी. त्यात लोंबणारी मुख्य केबल नसतेच. उंच मनोऱ्यातून निघालेल्या अनेक सरळ, ताणलेल्या केबल थेट रस्त्याचा भाग धरून ठेवतात. मनोऱ्याच्या दोन्ही बाजूंचे ताण एकमेकांना तोलतात, वजन मनोऱ्यातून पायात उतरतं. एकेका केबलमध्ये पोलादी तारांचे कितीतरी पीळ असतात. प्रत्येक पिळात सात तारा, गंज लागू नये म्हणून जस्ताचा मुलामा आणि वर प्लास्टिकचं आवरण. केबल खराब झाली तर वाहतूक नियंत्रित करून ती बदलता येते. एक केबल अचानक तुटली तरी पूल उभा राहिला पाहिजे, हा हिशेब आराखड्यातच धरलेला असतो.

हे नुसतं कागदावर नाही. जानेवारी २००५ मध्ये ग्रीसच्या रिओ-अँटिरिओ या केबल-स्टेड पुलावर वीज पडली, आग लागली आणि एक केबल तुटून खाली आली. पूल बंद केला, दुरुस्त केला, पुन्हा सुरू केला. तो आजही उभा आहे.

मग केबलवरचे मोठे पूल कधी पडतच नाहीत का? पडले आहेत, आणि ते लपवायचं कारण नाही. इटलीत जेनोवाचा मोरांडी पूल १४ ऑगस्ट २०१८ रोजी कोसळला, ४३ जण गेले. त्याला मोजक्याच केबल होत्या आणि त्याही काँक्रीटमध्ये गाडलेल्या, त्यामुळे आतला गंज सहज दिसायची सोय नव्हती. आज केबल पुष्कळ, सुट्या आणि तपासता येतील अशा ठेवतात.

आजच्या अशा पुलाचं जवळचं उदाहरण गोव्याचं. झुआरी नदीवरचा १९८३चा पूल थकला, जड वाहनांवर निर्बंध आले. शेजारी केबल-स्टेड पूल उभा राहिला. त्याची पहिली बाजू २९ डिसेंबर २०२२ला, म्हणजे मोरबीनंतर दोनच महिन्यांनी, आपल्या नागपूरच्या नितीन गडकरींच्या हस्ते खुली झाली.

आता बाकीचे गैरसमज.

गैरसमज: केबल म्हणजे नुसती शोभा, पैशांची उधळपट्टी.
वस्तुस्थिती: झुआरीच्या मुख्य गाळ्याची लांबी सुमारे ३६० मीटर आहे. बार्ज जाणाऱ्या खोल पात्रात मध्ये खांब नको असेल, तर साधे गर्डर एवढा पल्ला गाठत नाहीत.

गैरसमज: मग प्रत्येक जुन्या पुलाच्या जागी केबलचाच पूल हवा.
वस्तुस्थिती: मुळीच नाही. धापेवाड्याच्या चंद्रभागेसारख्या लहान नदीला साधा काँक्रीटचा पूल पुरतो, आणि तोच योग्य.

गैरसमज: इंग्रजांचे दगडी पूल कधी पडत नाहीत.
वस्तुस्थिती: महाडजवळचा सावित्रीवरचा १९२८चा पूल २ ऑगस्ट २०१६च्या रात्री पुरात वाहून गेला, प्रवासी असलेल्या दोन एसटींसह.

गैरसमज: पूल नवा असला की चिंता नको.
वस्तुस्थिती: पणजीचा मांडवीवरचा काँक्रीटचा पूल १९७०चा. तो १९८६ मध्येच कोसळला.

तेव्हा पूल कोणत्या प्रकारचा, यावर वाद घालत बसू नका. शेवटची तपासणी कधी झाली, त्यात काय आढळलं आणि दुरुस्ती झाली का, हे विचारा. अहवाल मिळत नसेल तर माहितीच्या अधिकारात मागा. आणि "पूल धोकादायक आहे" असा फलक दिसला तर मागे फिरा. १५ जून २०२५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल गर्दीने कोसळला आणि चार जीव गेले, तोही केबलचा नव्हता.