घरी घडविलेली मोटार आणि तिचे सुकाणू

मोटारीचे इंजिन बंद पडले, तर ती रस्त्याच्या कडेला उभी राहते. सुकाणू निकामी झाले, तर मात्र ती कोठे जाईल हे कोणाच्याच हाती राहत नाही. म्हणूनच स्वतःच्या हातांनी मोटार जुळविण्याचा छंद असलेल्या तरुणाने तिला पॉवर स्टीअरिंग बसविण्याचे मनात आणले, की घरातील वडीलधाऱ्यांनीही त्या विषयाची थोडी माहिती करून घेणे हिताचे ठरते.

परदेशांत हा छंद जुना आहे. ब्रिटनमध्ये १९५७ साली आलेली ‘लोटस सेव्हन’ ही मोटार सुट्या भागांच्या संचाच्या रूपातही विकली जाई आणि ग्राहक ती घरी जुळवीत असत. अशा मोटारीला ‘किट कार’ म्हणतात. आपल्याकडे बहुधा जुन्या गाड्यांचे भाग, लेथ आणि वेल्डिंग यांवरच हौस भागवावी लागते. इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णी यांनी याच जिद्दीने ‘मीरा’ ही छोटी मोटार घडविली. परंतु कारखान्यातून तिचे उत्पादन होऊ शकले नाही.

नगरची परंपरा

अहिल्यानगरला वाहनांचे वेड नवे नाही. येथील फिरोदिया घराण्याने व्यापार-वकिलीच्या परंपरेतून पुढे येऊन यंत्रोद्योगात नाव मिळविले. नवलमलजी फिरोदिया यांचे नाव देशातील ऑटोरिक्षा आणि ‘बजाज टेम्पो’ यांच्याशी जोडलेले आहे, तर कायनेटिकची ‘लुना’ १९७२ पासून नगरमधूनच घरोघरी पोहोचली. संरक्षण खात्याची वाहन संशोधन व विकास संस्था, म्हणजेच ‘व्हीआरडीई’, याच नगरात आहे. लष्करी वाहनांच्या विकासाबरोबरच नागरी वाहनांची चाचणी करून त्यांना मान्यता देण्याचा अधिकारही तिला आहे.

सुकाणू जड का होते?

मोटार उभी असताना चाक वळविले, म्हणजे टायर जमिनीवर अक्षरशः घासला जातो. टायर रुंद, इंजिनाचा भार पुढील चाकांवर आणि हातातील चक्र लहान असले, की जोर अधिक लागतो. घरी घडविलेल्या मोटारीत अनेकदा हे तिन्ही दोष एकत्र येतात. तेव्हा खर्चात पडण्यापूर्वी टायरमधील हवा, पुढील चाकांचे अलाइनमेंट आणि सांध्यांचे ग्रीस तपासावे. कित्येकदा दुखणे येथेच सापडते आणि काही शे रुपयांत बरे होते.

तरीही मदत हवीच असेल, तर दोन मार्ग आहेत. पहिला तेलाच्या दाबाचा. अमेरिकेतील फ्रान्सिस डेव्हिस या अभियंत्याने १९२६ साली तो मोटारीत चालवून दाखविला आणि क्रायस्लर कंपनीने १९५१ मध्ये तो बाजारात आणला. यात इंजिनाच्या पट्ट्यावर पंप चालतो. पंप, तेलाची टाकी, दाब सोसणाऱ्या नळ्या आणि नवा रॅक या सर्वांना जागा लागते. दुसरा मार्ग विजेचा. सुझुकीने १९८८ साली आपल्या ‘सर्व्हो’ या छोट्या मोटारीत तो वापरला. यात सुकाणूच्या दांड्यावर लहान मोटर असते. हाताचा पीळ किती आहे हे एक संवेदक मोजतो आणि नियंत्रक त्यानुसार मोटरला वीज देतो. मूळ रॅक तसाच राहत असल्याने हौशी कारागिरांचा कल याच पद्धतीकडे असतो.

धोका नेमका कोठे?

दुसऱ्या मोटारीतून काढलेल्या नियंत्रकाला वेगाची माहिती मिळाली नाही, तर सुकाणू भरवेगातही तितकेच हलके राहू शकते. गल्लीत सुखद वाटणारा हा हलकेपणा महामार्गावर घातक ठरतो. हाताच्या किंचित हालचालीने मोटार मार्ग सोडते. वळण संपल्यावर चाके आपोआप सरळ होतात की नाही, हेही पाहावे लागते. मोटर वळताना मोठा प्रवाह ओढते. म्हणून स्वतंत्र जाड तार, योग्य फ्यूज आणि सशक्त अल्टरनेटर आवश्यक असतात. वीज गेली तरी चक्र आणि चाके यांचा यांत्रिक सांधा अखंड राहिलाच पाहिजे. सर्वांत मोठी चूक म्हणजे सुकाणूचा दांडा कापून गल्लीतल्या वेल्डरकडून जोडून घेणे. त्या एका टाक्यावर संपूर्ण कुटुंबाचे प्राण अवलंबून असतात.

कायद्याची चौकट

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणीपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच स्पष्ट केले. कायद्यात न बसणारा बदल करणाऱ्या मालकाला, २०१९ च्या दुरुस्तीनुसार, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. नव्याने घडविलेल्या वाहनाच्या नमुन्याला केंद्रीय मोटार वाहन नियम १२६ खाली अधिकृत संस्थेची मान्यता लागते आणि त्या यादीत नगरच्याच व्हीआरडीईचे नाव आहे.

सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे येथील एका कारागिराने भंगारातून मोटार घडविली, तेव्हा २०२१ च्या अखेरीस देशभर तिचे कौतुक झाले. उद्योगपती आनंद महिंद्रा यांनीही तिची प्रशंसा केली. पण ती नियमांत बसत नसल्याने रस्त्यावर चालू दिली जाणार नाही, हे सांगून तिच्या बदल्यात नवी बोलेरो देऊ केली. कारागिराचा सन्मान झाला आणि नियमाचाही मान राहिला.

व्यापारी कुटुंबात माल घेण्यापूर्वी वजन-काटा पारखतात. हाच विवेक येथेही उपयोगी पडतो. अनुभवी मेकॅनिककडून सुकाणूची तपासणी, विमा कंपनी आणि परिवहन कार्यालय यांच्याकडे लेखी विचारणा, आणि मान्यता मिळेपर्यंत मोटार केवळ स्वतःच्या मोकळ्या जागेत चालविणे, एवढी पथ्ये पाळली तर छंदाला कोणीही अडवू नये. मुलाचा हात यंत्रावर बसत असेल, तर तो थांबविण्याऐवजी त्याला योग्य शिक्षणाची दिशा द्यावी. लुनासारखी वाहने घडविणारे हातही कधीतरी पहिल्यांदा पाना धरायला शिकलेच होते.