लेखांक सातवा : नोंद आणि जमीन

बिंदुसरा धरणालगतच्या पालीसारख्या गावात भावाभावांत शेताचे वाटप होऊन फेरफार मंजूर होतो, तेव्हा मातीचे एक ढेकूळही जागचे हलत नाही. बदलतात ती सातबाऱ्यावरची नावे आणि क्षेत्र. हार्ड डिस्कवरील जुनी कार्यप्रणाली, म्हणजे विंडोज किंवा लिनक्ससारखी संगणक चालवणारी मूळ आज्ञावली, काढून टाकण्याचे कामही बहुतांशी असेच कागदोपत्री असते.

डिस्कचे जे स्वतंत्र भाग पाडलेले असतात त्यांना पार्टिशन म्हणतात. कोणता भाग कोठे सुरू होतो व किती लांब आहे याची नोंद डिस्कच्या आरंभी एका तक्त्यात असते. १९८३ साली आलेल्या एमबीआर पद्धतीत हा तक्ता पहिल्याच ५१२ बाइटच्या खंडात बसवलेला होता व त्याच्या वाट्याला अवघे ६४ बाइट आल्याने चारच मुख्य भाग नोंदवता येत. नंतरच्या जीपीटी पद्धतीत साधारणतः १२८ नोंदींची सोय असून तक्त्याची दुसरी प्रत डिस्कच्या अखेरीस राखलेली असते, हे शहाणपण खरे तर आधीच सुचायला हवे होते.

पार्टिशन काढले की तक्त्यातील त्याची ओळ जाते, पण चुंबकीय डिस्कवर आतला मजकूर नवे काही लिहिले जाईपर्यंत बहुधा तसाच पडून राहतो. चुकून काढलेला भाग परत मिळू शकतो तो यामुळेच, आणि जुना संगणक विकताना एवढ्यावर विसंबणे धोक्याचे ठरते तेही यामुळेच.

खरी गुंतागुंत कार्यप्रणालीला जाग आणणाऱ्या बूट लोडर या छोट्या आज्ञावलीची असते. एमबीआर डिस्कवर विंडोजशेजारी लिनक्स असेल, तर ग्रब या लिनक्सच्या बूट लोडरचा पहिला तुकडा डिस्कच्या आरंभी आणि उरलेला लिनक्सच्या पार्टिशनमध्ये असतो; ते पार्टिशन काढल्यावर पहिला तुकडा नाहीशा झालेल्या सोबत्याला शोधत ‘ग्रब रेस्क्यू’ या ओळीवर अडून बसतो आणि शेजारचे विंडोज धडधाकट असूनही सुरू होत नाही. म्हणून महत्त्वाच्या फायलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर घेऊन विंडोजचा स्वतःचा बूट लोडर आधी बसवावा, संगणक त्यावर सुरू होतो याची खात्री करावी आणि मगच लिनक्सच्या नोंदीला हात लावावा.

मोकळी झालेली जागा सी ड्राइव्हला जोडताना शेताचाच नियम आडवा येतो : लागून असलेल्या रानाचाच बांध मोडता येतो. विंडोजमधील डिस्क मॅनेजमेंट हे साधन रिकामी जागा सी ड्राइव्हच्या उजवीकडे अगदी लागून असेल तरच ती जोडून देते. मध्ये डी ड्राइव्ह किंवा रिकव्हरी पार्टिशन असेल तर जीपार्टेडसारख्या साधनाने तो भाग आधी पलीकडे सरकवावा लागतो. येथे मात्र काम कागदोपत्री राहत नाही, कारण मजकूर वाचून नव्या ठिकाणी लिहावा लागतो, त्याला तासन्‌तास लागू शकतात आणि मध्येच वीज गेली तर ना जुनी नोंद धड राहते ना नवी. त्यामुळे यूपीएस जोडल्याशिवाय हे काम हाती घेऊ नये.