पदव्युत्तर प्रवेश परीक्षेसाठी उजळणीचे पुस्तक कसे पारखावे?

आंतरवासिता संपत आली की चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील आमचे तरुण स्नातक एकच प्रश्न विचारू लागतात : पदव्युत्तर प्रवेश परीक्षेसाठी कोणते पुस्तक घ्यावे? नागपूर वा पुण्याच्या विद्यार्थ्यासाठी हा प्रश्न तितकासा बिकट नाही. तो दुकानात उभा राहून चार पुस्तके चाळतो आणि एक घेऊन जातो. सिरोंचा, एटापल्ली वा भामरागड येथील विद्यार्थ्यास मात्र कोणाच्या तरी शब्दावर विसंबून पुस्तक मागवावे लागते, आणि पर्लकोटेच्या पुराने भामरागडची वाट अडली म्हणजे मागविलेले पुस्तकही वेळेवर हाती पडत नाही. त्यातून अनेकजण प्राथमिक आरोग्य केंद्रात कंत्राटी सेवा करीत रात्री अभ्यास करतात. त्यांच्या हाती असलेला वेळ थोडा, पैसा त्याहून थोडा. चुकीचे पुस्तक आले तर पुष्कळदा एक संपूर्ण वर्ष जाते. म्हणून कोणत्याही प्रकाशनाची शिफारस न करता, पुस्तक पारखावे कसे, एवढेच येथे मांडत आहोत.

प्रथम परीक्षेचे स्वरूप. पदव्युत्तर प्रवेशासाठी २०१७ पासून अखिल भारतीय आयुष प्रवेश परीक्षा सुरू झाली व २०१९ पासून ती राष्ट्रीय परीक्षा यंत्रणेकडे आली. बहुपर्यायी प्रश्न, बरोबर उत्तरास ४ गुण, चुकीच्या उत्तरास १ गुण वजा. म्हणजे ठाऊक असलेल्या प्रश्नाचे उत्तर चुकीचे पाठ झाले असेल, तर प्रत्यक्षात ५ गुणांचे अंतर पडते. खुल्या गटास पात्रतेसाठी ५० पर्सेंटाइल लागते. परंतु पात्र होणे आणि हवी ती शाखा मिळणे यांत फार अंतर आहे, आणि ते अंतर बहुधा अशा चार-पाच प्रश्नांनीच ठरते. अज्ञानाने होणारे नुकसान मर्यादित असते. छापील चुकीवर विश्वास ठेवल्याने होणारे नुकसान अधिक.

आयुर्वेदात ही छापील चूक शिरते कोठून? आमच्या मते सर्वांत मोठे दार म्हणजे संख्या. आपल्या संहितांचा परस्परांशी मतभेद आहे, आणि परीक्षक नेमके तेथेच बोट ठेवतो. चरकांनी अस्थी ३६० सांगितल्या. सुश्रुतांनी वेदवाद्यांचे ३६० हे मत नोंदवून शल्यतंत्रात ३०० मानल्या. नेत्ररोग सुश्रुतांच्या मते ७६, वाग्भटांच्या मते ९४. क्षुद्ररोग सुश्रुतसंहितेत ४४, अष्टांगहृदयात ३६. आता एखाद्या संग्रहात ‘नेत्ररोग ७६’ एवढेच छापलेले असेल, ग्रंथाचे नाव नसेल, तर ते वाक्य खोटे नसले तरी विद्यार्थ्यास खड्ड्यात घालणारे आहे. ‘वाग्भटानुसार’ असा शब्द प्रश्नात आला की तो गोंधळतो. म्हणून पुस्तक हाती येताच शालाक्याची पाने उघडावीत. प्रत्येक संख्येपुढे ग्रंथ, स्थान व अध्याय दिलेला आहे काय, हे पाहावे. दिलेला असेल तर त्यांतील पाच संदर्भ मूळ संहितेत काढून पडताळावेत. दोन जरी चुकले तरी पुस्तक परत करावे.

दुसरी कसोटी मुद्रणशुद्धीची, आणि ती आमच्या भागातील विद्यार्थ्यास इतरांहून लवकर समजेल. मोहाचे झाड त्याच्या घरामागे असते. त्याचे संस्कृत नाव मधूक, दीर्घ ऊकाराचे. ऱ्हस्व उकाराचे मधुक म्हणजे ज्येष्ठमध, यष्टीमधु. एका मात्रेच्या फरकाने मोठ्या वृक्षाच्या जागी परप्रांतातून येणारे मूळ उभे राहते; कुल बदलते, प्रयोज्यांग बदलते, गणही बदलतो. घाईने जुळविलेल्या संग्रहात हे दोन शब्द सर्रास एकमेकांच्या जागी आढळतात. द्रव्यगुणाचे प्रकरण उघडून ही एक जोडी तपासली तरी संपादकाने मुद्रिते वाचली होती की नाही, ते कळते.

जाता जाता एक गोष्ट. मोह, बिब्बा, चारोळी, पळस, बेहडा ही द्रव्ये आपल्याकडील मुलांनी पानाफुलांसह पाहिलेली असतात, बिब्बा उतलेला रुग्णही पाहिलेला असतो. शहरी विद्यार्थी जे पाठ करतो ते यांना दिसलेले असते. उणीव असते ती लॅटिन नावाची व कुलाची. तेव्हा चित्रांनी भरलेले महागडे पुस्तक यांनी घेण्याचे कारण नाही. मधुका लाँगिफोलिया व सॅपोटेसी, सेमेकार्पस अनाकार्डियम व अनाकार्डिएसी अशा जोड्या नेटक्या देणारा पातळ संग्रह पुरे. पर्यायी लॅटिन नावेही दिलेली असावीत. जुन्या ग्रंथांत मोहास मधुका इंडिका म्हटलेले आढळते आणि प्रश्नात कोणतेही नाव येऊ शकते.

तिसरी कसोटी काळाची. संहिता जुनी होत नाही. परंतु अगदतंत्र-व्यवहारायुर्वेद, स्वस्थवृत्त व प्रसूतितंत्र यांतील कायद्याचा व शासकीय कार्यक्रमांचा भाग जुना होतो, आणि तो या दशकात पार बदलला. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंडसंहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. हयगयीने झालेल्या मृत्यूचे कलम ३०४-अ होते, ते आता १०६ आहे. संशयास्पद मृत्यूच्या पोलीस चौकशीचे दंडप्रक्रिया संहितेतील कलम १७४ जाऊन नागरिक सुरक्षा संहितेचे १९४ आले. गर्भपातविषयक कायद्यात २०२१ मध्ये दुरुस्ती होऊन विशिष्ट गटांतील स्त्रियांसाठी मर्यादा २४ आठवड्यांपर्यंत गेली. क्षयरोगाच्या कार्यक्रमाच्या नावातील ‘नियंत्रण’ जाऊन २०२० मध्ये ‘निर्मूलन’ आले. सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान जुलै २०२३ मध्ये सुरू झाले. आपल्या दोन जिल्ह्यांत तर हा विषय परीक्षेपुरता नाहीच, बाह्यरुग्ण विभागात रोज समोर बसलेला असतो. पुस्तकात यांपैकी काही नसेल तर मुखपृष्ठावर ‘नवीन अभ्यासक्रमानुसार’ असे सोनेरी अक्षरांत छापलेले असले तरी भुलू नये. भारतीय चिकित्सा पद्धती राष्ट्रीय आयोग आल्यावर चार व्यावसायिक परीक्षांच्या जागी तीन झाल्या, तेव्हा पुष्कळ प्रकाशकांनी केवळ प्रकरणांचा क्रम बदलला, मजकूर तोच ठेवला.

यावरून ज्येष्ठ मित्राकडून मिळणाऱ्या जुन्या पुस्तकांचाही निवाडा होतो. आपल्या भागात ही देवघेव मोठी आहे आणि ती चालू राहावी. संहिता, पदार्थविज्ञान, शारीर, द्रव्यगुण, रसशास्त्र यांचे जुने संग्रह खुशाल घ्यावेत. वर सांगितलेले तीन विषय मात्र नवेच घ्यावेत.

केवळ प्रश्नोत्तरांच्या जाड पुस्तकांविषयी आमचे मत फारसे अनुकूल नाही. दहा हजार प्रश्न असल्याची जाहिरात असते; त्यांत एकच प्रश्न चार प्रकारे फिरविलेला असतो आणि उत्तरापुढे कारण नसते. त्याऐवजी मागील वर्षांच्या मूळ प्रश्नपत्रिका सोडवाव्यात. परीक्षा यंत्रणा तात्पुरती उत्तरसूची जाहीर करते व ठरावीक शुल्क भरून तीवर आक्षेप घेता येतो. आक्षेपास आधार मूळ ग्रंथाचा द्यावा लागतो, ‘अमुक गाइडमध्ये असे आहे’ हे चालत नाही. ज्याच्या संग्रहात स्थान-अध्याय लिहिलेले असतात त्यालाच ते पान त्या मुदतीत सापडते.

भाषेचा मुद्दा थोडक्यात. आयुर्वेदाची प्रश्नपत्रिका इंग्रजी व हिंदी भाषांत असते, मराठीत नसते. गर्द्यांचे ‘सार्थ वाग्भट’ समजून घेण्यासाठी आजही उत्तम; तथापि उजळणी ज्या भाषेत प्रश्न वाचणार त्याच भाषेत करावी. मराठीतून पाठ केलेले वचन परीक्षेत मनातल्या मनात भाषांतरित करण्यात वेळ जातो.

दुकानापर्यंत जाता येत नसेल त्याने काय करावे? मागविण्यापूर्वी विक्रेत्याकडून अथवा नागपुरातील मित्राकडून चार पानांची छायाचित्रे भ्रमणध्वनीवर मागवावीत : नेत्ररोगसंख्येचे पान, मधूक-मधुकाचे पान, कलम १०६ चे पान आणि क्षयरोग कार्यक्रमाचे पान. पाहण्यास दहा मिनिटे लागतात. चार पाने देण्यास नकार देणाऱ्याकडून पुस्तक घेऊ नये. २०२३, २०२४ व २०२५ या तिन्ही वर्षी परीक्षा जुलैमध्ये झाली, म्हणजे शेवटची उजळणी पावसातच होते. तेव्हा ही खरेदी मार्चअखेर उरकावी. ज्या वैद्यबंधूंचे चंद्रपूर-नागपूर जाणे-येणे असते त्यांनी आपल्या तालुक्यातील एका तरी विद्यार्थ्याची यादी सोबत न्यावी, आणि पाने तेथेच उघडून पाहावीत.