मधल्या फळीतील नेतृत्व आणि ताण

मुकादम, पर्यवेक्षक, शाखाप्रमुख ही मधल्या फळीतील माणसे होत. त्यांना वरिष्ठांचे आदेश पाळावे लागतात आणि हाताखालच्या माणसांच्या अडचणीही सोडवाव्या लागतात. जबाबदारी मोठी, अधिकार मात्र मर्यादित. या ओढाताणीतून मनावर ताण येतो. ताणाखाली घेतलेला निर्णय किती महाग पडतो, याचे एक उदाहरण इतिहासात आढळते.

लखनौजवळील चिनहट येथे ३० जून १८५७ रोजी लढाई झाली. त्या वेळी हेन्री लॉरेन्स हा अवधचा ब्रिटिश मुख्य आयुक्त होता. वर कलकत्त्याचा गव्हर्नर जनरल आणि खाली लखनौतील सैन्य व अधिकारी, यांच्यामध्ये तो उभा होता. त्याची प्रकृती खालावली होती. जूनमध्ये विश्रांतीसाठी काही दिवस त्याला कारभार समितीकडे सोपवावा लागला. तरीही चाल करून जावे, असा आग्रह सहकारी मार्टिन गबिन्स सतत धरत होता. अखेर लॉरेन्स सुमारे ७०० सैनिकांसह निघाला. समोरच्या सैन्याची खात्रीलायक माहिती त्याच्याकडे नव्हती. त्याचे सैनिक उपाशी होते आणि ऊन कडक होते. बरकत अहमद यांच्या नेतृत्वाखालील भारतीय सैनिकांनी आमराया व इस्माइलगंज गावाचा आडोसा घेऊन नेटाने मारा केला. ब्रिटिशांचा पराभव झाला व लखनौच्या रेसिडेन्सीला वेढा पडला. त्या वेढ्यात जखमी होऊन ४ जुलै रोजी लॉरेन्स मरण पावला.

आज चिनहट परिसरात कारखाने आहेत. अशा एखाद्या कारखान्यातील पर्यवेक्षकाला ‘माल आजच हवा’ असा आदेश मिळतो. त्याच वेळी एक यंत्र बंद आणि दोन कामगार गैरहजर असतात. दडपणाखाली होकार दिल्यास थकलेल्या कामगारांना अपघात होण्याचा धोका वाढतो. म्हणून त्याने प्रथम वस्तुस्थिती जाणून घ्यावी. किती माल होऊ शकेल ते वरिष्ठांना स्पष्ट सांगावे व कोणते काम आधी करायचे ते विचारावे. कामे वाटून द्यावीत. जेवणाची सुट्टी कामगारांची बुडू देऊ नये, तशीच स्वतःचीही बुडवू नये.

कामावरील ताण दीर्घकाळ हाताळला गेला नाही, तर माणूस मनाने पार थकून जातो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये या अवस्थेची नोंद कामाशी निगडित समस्या म्हणून केली. झोप उडाली, चिडचिड वाढली, तर मदत घेण्यास संकोच करू नये. भारत सरकारने २०२२ मध्ये सुरू केलेल्या ‘टेली-मानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो.

आपली अडचण वेळीच सांगणे, हाही नेतृत्वाचाच एक भाग आहे.