नजीकची शाळा (महाराष्ट्र)

बालकाच्या राहत्या घरापासून कायद्याने ठरवून दिलेल्या अंतरात असलेल्या शाळेला महाराष्ट्राच्या शिक्षणव्यवस्थेत नजीकची शाळा असे संबोधले जाते. ही शाळा घराला सर्वांत जवळची असतेच असे नाही. अमेरिकेच्या बहुतेक भागांत प्रत्येक सरकारी शाळेची हद्द नकाशावर आखलेली असते आणि त्या हद्दीत राहणाऱ्या मुलाला ती शाळा नेमून दिली जाते. महाराष्ट्रात अशी रेषा कोणत्याही नकाशावर आखलेली नाही. तरीही मूल कोणत्या शाळेच्या पटावर जाणार हे गावाची शीव, शाळा चालविणारी संस्था, तेथे उपलब्ध असलेल्या इयत्ता आणि वाटेतील नदी-ओढे यांवरून बव्हंशी आधीच ठरून गेलेले असते.

कायद्यातील अंतर

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ हा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. ज्या परिसरात शाळा नाही तेथे ती तीन वर्षांत स्थापन करण्याचे बंधन त्याने शासनावर व स्थानिक प्राधिकरणांवर घातले. महाराष्ट्राचे नियम २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांनुसार इयत्ता पहिली ते पाचवीसाठी १ किलोमीटरच्या आत व सहावी ते आठवीसाठी ३ किलोमीटरच्या आत शाळा असावी. मात्र प्राथमिक शाळेसाठी त्या वस्तीत ६ ते ११ वयोगटातील किमान २० मुले उपलब्ध असली पाहिजेत.

या तरतुदीचा अर्थ अनेकदा चुकीचा लावला जातो. शाळा कोठे काढावी हे सांगणारे हे अंतर आहे. प्रत्येक मुलाने आपल्या सर्वांत जवळच्या शाळेतच जावे असे त्यातून निघत नाही. उलट, १ किलोमीटरच्या आत दोन शाळा असतील तर दोन्ही कायद्याच्या दृष्टीने नजीकच्याच ठरतात. आणि २० मुले नसलेल्या वस्तीपासून जवळची शाळा दोन-अडीच किलोमीटरवर असली तरी नियमाचा भंग होत नाही. वस्ती जितकी लहान व विखुरलेली, तितके नियमाचे संरक्षण कमी, असा हा विचित्र प्रकार आहे.

गाव, आखाडा आणि नदी

नरसी नामदेव हे संत नामदेवांचे जन्मस्थान म्हणून प्रसिद्ध असलेले गाव हिंगोली तालुक्यात कयाधू नदीच्या काठी आहे. १९५६ पर्यंत हा भाग हैदराबाद राज्याच्या परभणी जिल्ह्यात होता. १ मे १९९९ रोजी परभणीचे विभाजन होऊन हिंगोली जिल्हा अस्तित्वात आला. या परिसरात शाळेची जागा प्रायः गावठाणात किंवा त्याला लागून असते, कारण जिल्हा परिषदेची शाळा गावासाठी मंजूर होते व तिला जागा गावच देते. दाखलपात्र मुलांची नोंद करण्यासाठी शिक्षक घरोघर फिरतात तेही गावनिहाय. त्यामुळे महसुली गावाची शीव हीच शाळेची अलिखित हद्द बनते. शिवेजवळच्या शेतात राहणाऱ्या मुलाला शेजारच्या गावची शाळा जवळ पडत असली, तरी त्याचे नाव आपल्या गावच्या यादीत येते.

मराठवाड्यात शेतावरील वस्तीला आखाडा म्हणतात. आखाड्यावर बहुधा सालगड्याचे कुटुंब राहते. सालगड्याचे साल गुढीपाडव्याला बदलते, तर शाळेचे वर्ष एप्रिलअखेर संपते. मार्च-एप्रिलमध्ये कुटुंब दुसऱ्या मालकाच्या आखाड्यावर जाते आणि मुलाचे नाव जुन्या शाळेच्या हजेरीपटावर राहते. नवी शाळा जवळ असूनही वार्षिक परीक्षेसाठी त्याला जुन्या गावी यावे लागते, किंवा ते परीक्षेलाच मुकते. अधिनियमाच्या कलम ५ ने शाळा बदलण्याचा व दाखला तात्काळ मिळण्याचा हक्क दिला आहे, आणि दाखल्यास विलंब झाला म्हणून नवी शाळा प्रवेश नाकारू शकत नाही. पालकांना ही तरतूद माहीत असतेच असे नाही.

ऊसतोडणीसाठी जाणाऱ्या कुटुंबांच्या बाबतीत हे अंतर शेकडो किलोमीटरचे होते. दिवाळीच्या सुमारास गाव सोडून उन्हाळ्यात परतणाऱ्या या मुलांसाठी गावातच हंगामी वसतिगृहे चालविली जातात. आई-वडिलांबरोबर गेलेल्या मुलास कारखान्याजवळच्या शाळेत बसता यावे म्हणून शिक्षण हमी कार्ड देण्याची पद्धत आहे.

नदीचा प्रश्न वेगळा आहे. पलीकडच्या तीरावरील शाळा नकाशावर अर्ध्या किलोमीटरवर दिसते. पावसाळ्यात मात्र पुलापर्यंत वळसा घालून जावे लागते. शैक्षणिक वर्ष विदर्भ वगळता उर्वरित महाराष्ट्रात जूनच्या मध्यास सुरू होते, म्हणजे पहिलीच्या मुलाचे शाळेतील पहिले तीन महिने नेमके ओढ्यानाल्यांना पाणी असण्याचे असतात. अशा ठिकाणी पालक दूरची पण पाणी न ओलांडता गाठता येणारी शाळा निवडतात, आणि ते योग्यच असते.

इयत्तांची मोडणी

अंतराच्या हिशेबाला इयत्तांच्या रचनेने आणखी एक पीळ घातला आहे. महाराष्ट्रात प्राथमिक शाळा परंपरेने चौथीपर्यंत किंवा सातवीपर्यंत असत, आणि माध्यमिक शाळा पाचवीपासून किंवा आठवीपासून सुरू होत. अधिनियमाने प्राथमिक स्तर पाचवीपर्यंत व उच्च प्राथमिक स्तर आठवीपर्यंत नेला. २ जुलै २०१३ च्या शासन निर्णयाने चौथीच्या शाळेला पाचवीचा व सातवीच्या शाळेला आठवीचा वर्ग जोडण्याची वाट मोकळी केली, पण अनुक्रमे १ व ३ किलोमीटरच्या आत तो वर्ग अन्यत्र नसेल तरच. माध्यमिक शाळांचे पाचवी व आठवीचे वर्ग ओस पडून तेथील शिक्षक अतिरिक्त ठरू नयेत, ही काळजी त्यामागे होती. परिणामी चौथी उत्तीर्ण झालेले नऊ-दहा वर्षांचे मूल दारातली शाळा सोडून किलोमीटरभर दूरच्या शाळेत जाते. येथे अंतर मोजले जाते ते मुलाच्या पावलांनी नव्हे, तर मंजूर पदांच्या गणिताने.

मराठवाड्यात या चित्राला एक वेगळी छटा आहे. पश्चिम महाराष्ट्रात माध्यमिक शिक्षण मुख्यतः खासगी संस्थांनी उभे केले, तर निजामी राजवटीतील सरकारी हायस्कुले पुढे जिल्हा परिषदांकडे आल्याने येथे जिल्हा परिषदेच्या ‘प्रशाला’ आढळतात. माध्यमाचाही प्रश्न असतो: उर्दू माध्यमात शिकणाऱ्या मुलासाठी शेजारची मराठी शाळा नजीकची असून नसल्यासारखीच.

आठवीनंतर अंतराची मर्यादाच संपते. ग्रामीण मुलींसाठी अहिल्याबाई होळकर योजनेखाली एस.टी.चा मोफत पास आणि मानव विकास कार्यक्रमाच्या बसगाड्या हे त्यावरचे उपाय होत. बस वेळेवर न आल्यास मुलीची शाळा त्या दिवसापुरती बुडते आणि फार दिवस तसे झाल्यास कायमची सुटते.

हवाई अंतर व २५ टक्के प्रवेश

खासगी विनाअनुदानित शाळांतील २५ टक्के राखीव जागांच्या प्रवेशात अंतराला थेट महत्त्व येते. अर्जदारांची विभागणी १ किलोमीटरच्या आत, १ ते ३ किलोमीटर आणि त्यापुढे अशी होते. घराचे स्थान पालक ऑनलाइन नकाशावर खूण करून दाखवितात आणि अंतर सरळ रेषेत, म्हणजे हवाई, मोजले जाते. खूण चुकीच्या जागी पडल्यास पडताळणीत प्रवेश रद्द होऊ शकतो. संगणक केंद्रावरून अर्ज भरणाऱ्या अल्पशिक्षित पालकांवर ही जबाबदारी टाकणे कितपत न्याय्य आहे, हा प्रश्न उरतोच.

९ फेब्रुवारी २०२४ रोजी शासनाने नियमांत दुरुस्ती केली. खासगी विनाअनुदानित शाळेच्या १ किलोमीटरच्या परिघात शासकीय किंवा अनुदानित शाळा असल्यास त्या खासगी शाळेला राखीव जागांतून सूट मिळाली. ‘जवळ शाळा आहे’ हे वाक्य येथे प्रथमच हक्क देण्यासाठी नव्हे, तर तो काढून घेण्यासाठी वापरले गेले. मुंबई उच्च न्यायालयाने मे २०२४ मध्ये या दुरुस्तीला स्थगिती दिली व १९ जुलै २०२४ रोजी ती रद्दबातल ठरविली; सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये त्यात हस्तक्षेप करण्यास नकार दिला.

इतर देशांत

जवळची शाळा असूनही दूर जावे लागण्याचे सर्वांत परिचित उदाहरण अमेरिकेतील टोपेका शहराचे आहे. लिंडा ब्राउन या कृष्णवर्णीय मुलीच्या घरापासून समनर शाळा अवघ्या काही चौकांवर होती, पण ती गोऱ्या मुलांची असल्याने तिला दूरच्या मन्रो शाळेत पाठविले जाई. तिच्या वडिलांसह अनेकांनी केलेल्या दाव्यात १९५४ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने वंशभेदी शाळा घटनाबाह्य ठरविल्या. पुढे १९७१ च्या शार्लट-मेक्लेनबर्ग निकालाने याच्या उलट मार्ग मान्य केला: वस्त्याच वंशानुसार विभागलेल्या असल्याने मुलांना मिसळण्यासाठी त्यांना बसने दूरच्या शाळेत नेण्यास न्यायालयाने संमती दिली.

कमी पटाच्या शाळा

सप्टेंबर २०२३ मध्ये राज्यातील २० पेक्षा कमी पट असलेल्या शाळांऐवजी समूह शाळा उभारण्याचे प्रस्ताव शिक्षण विभागाने मागविले. अशा शाळांची संख्या त्या वेळी सुमारे १४,७०० आणि त्यांतील विद्यार्थी सुमारे १ लाख ८५ हजार होते. पानशेत (पुणे) व तोरणमाळ (नंदुरबार) येथील समूह शाळा नमुना म्हणून दाखविण्यात आल्या. चार-पाच मुलांच्या वर्गात शिकणाऱ्याला सोबती, खेळ व विषयवार शिक्षक मिळत नाहीत, हा समर्थकांचा मुद्दा निराधार नाही. विरोधकांचा आक्षेप असा की, वाडी-तांड्यांवरील शाळा २००० नंतरच्या दशकात वस्तीशाळा म्हणून मोठ्या प्रयासाने उघडल्या होत्या, आणि त्या बंद झाल्यास सहा वर्षांचे मूल वाहनावर अवलंबून राहील. लांबच्या मुलांसाठी समग्र शिक्षा योजनेत वाहतूक भत्त्याची तरतूद आहे. मात्र आखाड्यापर्यंत वाहन जाणारा रस्ता असेल तरच तिचा उपयोग होतो.